विषमतेवर एम.ए.चा प्रकल्प करताय? मग गावात जायच्या आधी हे वाचा

एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आलं की वर्गात एकच चर्चा, प्रकल्पाला विषय काय घेतलास. आणि निम्म्या वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं, "सामाजिक विषमता". नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तिसऱ्या सत्राला ४ आणि चौथ्या सत्राला ६ क्रेडिट या संशोधन प्रकल्पाला आहेत, त्यामुळे पूर्वीसारखं शेवटच्या पंधरा दिवसांत बाइंडिंगवाल्याच्या दुकानात बसून काम उरकणं आता परवडत नाही. मी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवर काम केलंय, बीड जिल्ह्यात, आणि त्यानंतर बऱ्याच ज्युनिअर पोरापोरींचे प्रकल्प वाचून दिलेत. त्यात जे प्रश्न परत परत येतात ते इथे एका ठिकाणी लिहून टाकते. उदाहरणं सगळी ऊसतोडीचीच असतील, पण तुमचा विषय घरकामगार असो, वसतिगृहं असोत की पाण्याचे टँकर, पायऱ्या साधारण याच.

१. विषय नको, प्रश्न शोधा

"ऊसतोड कामगारांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास" या नावाचे प्रबंध कुठल्याही विभागाच्या कपाटात गठ्ठ्याने सापडतील. त्यात काय असतं? कामगार गरीब आहेत, कर्जबाजारी आहेत, मुलं शिकत नाहीत, व्यसनं आहेत. संपलं. हे सांगायला गावात जायची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर यात विषमता कुठेच नाही, फक्त गरिबी आहे. विषमता ही दोन टोकांमधली गोष्ट असते. एकाच्या हातात काय येतं आणि दुसऱ्याच्या हातात का येत नाही, आणि ते ठरवतं कोण, हे विचारलं की मग प्रश्न सुरू होतो.

म्हणून प्रश्न असा बांधा की त्यात तुलना आली पाहिजे. उदाहरणार्थ, एकाच वाडीतली, एकाच वर्गातली मुलं. काही आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊस तुटतो त्या शेतावर जातात, काही हंगामी वसतिगृहाच्या (तोडणीच्या हंगामापुरती जेवणाखाण्याची सोय) जोरावर आजीआजोबांकडे राहतात, काहींच्या घरचं कोणी ऊसतोडीला जातच नाही. एप्रिलमध्ये ही तिन्ही मुलं एका बाकावर बसतात तेव्हा काय फरक पडलेला असतो? आणि मागे कोणाला ठेवायचं, मुलाला की मुलीला, हे घरात कसं ठरतं? हा प्रश्न एका शाळेत, चार-सहा महिन्यांत होण्यासारखा आहे.

दुसरं, फक्त खालच्या टोकाकडे बघू नका. उचल, म्हणजे हंगामाआधी मजुरांना मिळणारी आगाऊ रक्कम, कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मुकादमाकडे, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याकडे येते, मुकादमाकडून कोयत्याकडे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याकडे. मधे कारखान्याचा शेतकी विभाग आहे, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय आहे, ज्याचा ऊस तुटतो तो शेतकरी आहे. यातल्या एकाशी तरी बोला. मुकादम बऱ्याचदा त्याच गावचा, कधी त्याच भावकीतला असतो, काल स्वतः कोयता धरलेला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं तिचा मुद्दाच हा आहे की वरचा-खालचा अशा दोनच पायऱ्या नसतात, प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं आणि म्हणून सगळे मिळून वरच्याला जाब विचारत नाहीत. आंबेडकर ते जातीबद्दल म्हणत होते हे विसरायचं नाही, पण टोळीत बसून ऐकताना ते सारखं आठवतं.

आणि एक विनंती. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, शासनाची समिती झाली, तेव्हापासून काही वाड्यांमधल्या बायकांना तोच प्रश्न विचारायला किती जण येऊन गेले याला गणती नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तुम्ही परत तेच विचारायला जाऊ नका. तुमच्याकडे ना वैद्यकीय ज्ञान असतं ना नंतर त्यांच्यासाठी काही करायची ताकद.

२. आधी काय आहे ते बघा, पण जनगणनेला जरा जपून

शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट मिळतात. सगळा प्रबंध वाचत बसू नका, पद्धतीचं प्रकरण आणि परिशिष्टातली प्रश्नावली बघा, तिथेच कळतं माणूस खरोखर गावात गेला होता की नाही.

आकड्यांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्ह्याची पत्रकं, शाळांसाठी यूडायस प्लस. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के आहे. हा आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल, तुम्हीही द्या, पण तो जिल्ह्याचा आकडा आहे, ऊसतोड कुटुंबांचा नाही, हे शेजारी लिहा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात.

आता जनगणना. २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. फेब्रुवारीत ऊसतोडीवाली गावं कशी असतात? म्हातारी माणसं, थोडी पोरं आणि कुलपं. आणि नियम असा की त्या पूर्ण काळात जो माणूस घरी नाही तो घरच्या यादीत धरायचा नाही, असेल तिथे मोजायचा. म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतल्या वाड्यांची लोकसंख्या, साक्षरता, कामकऱ्यांचं प्रमाण या आकड्यांकडे संशयाने बघायला लागतं. ज्यांच्यावर तुमचा अभ्यास आहे तीच माणसं त्या यादीत कमी असायची शक्यता आहे! पुढची मोजणीही २०२७ च्या फेब्रुवारीतच आहे, त्यात जातही विचारणार आहेत, म्हणजे हा घोळ अजून वाढणार. यावर तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद नक्की टाका, गाइड खूश होतात, आणि मुद्दाही खरा आहे.

३. सत्राचं नाही, हंगामाचं कॅलेंडर लावा

विद्यापीठाचं तिसरं सत्र जुलै ते नोव्हेंबर आणि चौथं डिसेंबर ते मे. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला उठतो. सगळे काय करतात, तिसऱ्या सत्रात वाचन आणि चौथ्यात फील्डवर्क. मग जानेवारीत गावात गेलं की घरोघरी कुलूप. मग ओळखीच्या ओळखीने आठ-दहा म्हाताऱ्यांच्या मुलाखती आणि "नमुना ५०" असं लिहून मोकळे.

हे उलटं करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावात जा, तेव्हा माणसं घरी असतात, उचलीची बोलणी चालू असतात, मुलं शाळेत असतात. दिवाळीनंतर शाळेत परत एक चक्कर, कोण राहिलं कोण गेलं ते बघायला. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत फडावर, कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर. आणि एप्रिलमध्ये परत शाळेत. फडावर दुपारी जाऊन उपयोग नाही, माणसं पहाटे उठून तोडायला गेलेली असतात, गाडी भरेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो. संध्याकाळी चुली पेटल्यावर जावं लागतं आणि रात्री परत यायची सोय आधी बघावी लागते. मुलींनो, एकटीने जाऊ नका, आणि मुकामाला त्याच गावातली अंगणवाडीताई किंवा आशाताई यांचं घर मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. कुठल्या घरातून कोण गेलंय याची अख्खी यादी त्यांच्या डोक्यात असते.

४. सोबत काय न्यायचं

- विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं पत्र, निदान पाच-सहा प्रती. शाळेचं नाव रिकामं ठेवून घेतलं तर बरं पडतं.
- कॉलेजचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स.
- शाळेत बसायचं आणि रजिस्टर बघायचं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. नुसत्या मुख्याध्यापकांच्या तोंडी हो वर जाऊ नका, त्यांची बदली झाली की तुम्ही परत शून्यावर.
- माहितीपत्रक, मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात.
- फील्ड डायरी. साधी दोनशे पानी वही. मोबाईलवर टाइप करत बसलं की समोरचा बोलायचा थांबतो.
- प्रश्नावली लांब असेल तर कोबो टूलबॉक्स मोबाईलवर टाकून घ्या, नेट नसलं तरी चालतं आणि नंतर एक्सेलमध्ये भरत बसावं लागत नाही.
- पॉवर बँक. कोपीवर लाइट नसते.

सरकारी आकडे हवे असतील, उदाहरणार्थ तालुक्यात यंदा किती हंगामी वसतिगृहं मंजूर झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज जुलैतच टाका. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. "सर्व माहिती मिळावी" असं लिहाल तर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येईल, तेव्हा कालावधी, तालुका आणि कुठल्या नोंदवहीची प्रत पाहिजे ते स्पष्ट लिहा.

५. संमतीपत्रावर सही मागायच्या आधी थांबा

पुस्तकात लिहिलेलं असतं, उत्तरदात्याची लेखी संमती घ्या. तुम्ही छापील कागद काढता, पेन पुढे करता, आणि समोरच्या बाईचा चेहरा बदलतो. का? कारण तिच्या घरात कागदावर सही किंवा अंगठा म्हणजे उचल. स्टॅम्प पेपर, कोरा चेक, कधी कोऱ्या कागदावरसुद्धा सही घेतलेली असते. त्यात तुम्ही शहरातून आलेले, तुमचा कागद आणखी कुठे जाणार हे तिला काय माहीत. तेव्हा तोंडी संमती घ्या. माहितीपत्रक वाचून दाखवा, नाव लिहिणार नाही हे सांगा, मधेच "नको आता" म्हणालात तरी चालेल हे सांगा, आणि ती हो म्हणाली की डायरीत तारीख-वेळ टाका. प्रकल्पात हे का केलं ते लिहा, कोणी अडवत नाही. मुलांशी बोलायचं असेल तर आईबापांना विचाराच आणि मुलालाही विचारा, त्याने नाही म्हटलं तर ते नाहीच.

मुलाखतीतले नेहमीचे खड्डे:

बाईला प्रश्न विचारला की उत्तर नवरा किंवा दीर देतो. "तिला काय इचारता, मी सांगतो ना." भांडायचं नाही. त्याची मुलाखत घ्या, मनापासून घ्या, आणि बाईशी दुसऱ्या दिवशी बोला, पाण्यावर, भाकरी थापताना, कधी जमेल तेव्हा. दोघांच्या उत्तरात फरक पडला तर तोच तुमचा डेटा आहे, तो "विसंगती" म्हणून पुसून टाकू नका.

मुकादमासमोर उचलीचा आकडा विचारायचा नाही. मुकादमाने तुमची ओळख करून दिली असेल तर त्या वस्तीत तुम्ही मुकादमाची माणसं. शक्यतो शाळेकडून किंवा आशाताईंकडून आत शिरा.

जात आणि उत्पन्न हे प्रश्न पहिल्या पानावर टाकू नका. फॉर्ममध्ये वर असतात म्हणून आपण विचारत सुटतो आणि बोलणं तिथेच आखडतं. आणि आपली स्वतःची जात, आडनाव यावरूनही कोण किती बोलेल ते ठरतं, हे डायरीत लिहून ठेवायचं, लपवायचं नाही.

मदतीचं आश्वासन देऊ नका. "ताई, काही योजना मिळंल का?" हे प्रत्येक घरात विचारतील. खरं उत्तर द्या की मी विद्यार्थिनी आहे. पण माहिती असेल ती सांगाच, की ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र मिळतं, किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आहे. माहिती देण्याने संशोधन बिघडतं असं मला तरी वाटत नाही.

६. मोजायचं काय, हे कोयत्याकडून शिका

ऊसतोडीत हिशोबाचं एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर, खाडा पडला तर कापणं कोयत्यावर. आता तुमच्या प्रश्नावलीत "तुमची मजुरी किती?" असा प्रश्न बाईला विचारलात तर ती काय सांगणार? तिची अशी मजुरी हिशोबात कुठे लिहिलेलीच नाही. तोडते ती, मोळी बांधते ती, डोक्यावर वाहते ती, आणि पैसे त्याच्या नावावर. अशा ठिकाणी उत्तराच्या रकान्यात "शून्य" भरलं किंवा कुटुंबाच्या रकमेला दोनने भागलं, दोन्ही खोटं. त्यापेक्षा प्रश्न बदला: उचल कोणाच्या हातात दिली, त्यातून काय काय झालं, ते कोणी ठरवलं. लग्न लवकर का होतात यातला एक धागाही इथेच सापडतो, कारण लग्न झालं की पूर्ण कोयता होतो.

तसंच शाळेचा हजेरीपट. तो नुसता हजेरी टक्केवारी काढायचा कागद समजू नका. नोव्हेंबरचं पान उघडा आणि एकेका नावापुढे बोट फिरवत जा. काही नावांपुढे दिवाळीनंतर सलग गैरहजेरी, काहींपुढे शेऱ्यात "स्थलांतर", काहींपुढे महिनाभर हजेरी आणि ते पोरगं तर तुम्ही परवा फडावर पाचट गोळा करताना बघितलेलं. आणि एप्रिलमध्ये तेच नाव परत सुरू, जसं काही मधे झालंच नाही. पोरगं पटावरून कधी गेलंच नाही, त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या यादीतही ते नाही. याला घोटाळा म्हणून फोटो काढत सुटू नका. शिक्षकांना विचारा, पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, गैरहजेरी दाखवली की वरून विचारणा होते, ते स्वतः पिचलेले असतात. शाळेचं नाव प्रकल्पात घालायचं नाही, वाडीचंही नाही, कारण एका वाडीत एकच शाळा असते, वाडीचं नाव लिहिलं की शाळा कळलीच.

७. आकडे आणि तक्ते

हे पटकन सांगते. नमुना लहान असेल तर टक्केवारी देऊ नका. तीन मुलींपैकी दोघींनी शाळा सोडली म्हणून "६६.६७ टक्के" लिहिणं हास्यास्पद दिसतं. संख्या लिहा. तक्त्याखाली तोच तक्ता वाक्यात परत लिहू नका. काय-स्क्वेअर चाचणी फक्त गाइड म्हणाले म्हणून लावू नका, ओळखीतून ओळख काढत जमवलेल्या नमुन्याला ती लागू पडत नाही. सॉफ्टवेअर लागलंच तर जामोवी फुकट आहे, चोरीचं एसपीएसएस शोधत बसू नका.

मुलाखतींचं मात्र उलट, तिथे वेळ घाला. माणसं जशी बोलली तशी लिहा, "आमच्या पाठीवरचं बिऱ्हाड हाय" याचं "आमचे जीवन स्थलांतरित स्वरूपाचे आहे" करू नका.

८. शेवटचं प्रकरण: "जनजागृती करावी" हे वाक्य बंद

मी वाचलेल्या प्रकल्पांत हे वाक्य नाही असा प्रकल्प विरळा. पालकांमध्ये शिक्षणाविषयी जनजागृती करावी. म्हणजे अख्ख्या प्रकल्पभर उचल, मुकादम, हंगाम दाखवायचं आणि शेवटी दोष आईबापांच्या अज्ञानावर टाकायचा. त्या आईला शिक्षणाचं महत्त्व तुमच्यापेक्षा जास्त कळतं, तिला लहान पोर सांभाळायला कोणी नाही म्हणून मोठीला बरोबर न्यावं लागतं.

सूचना लिहिताना प्रत्येक सूचनेपुढे तीन गोष्टी लिहा: कोणी, कधी, कुठल्या अधिकारात. शाळा सगळ्यांना सारखीच उघडी आहे, पुस्तकं फुकट आहेत, ६ ते १४ वयासाठी २००९ चा कायदा आहे, म्हणजे कागदावर समान संधी आहेच. पण सहा महिने जे पोर तिथे नसणार त्याला या सारखेपणाचा काय उपयोग, त्याच्यासाठी काहीतरी वेगळं आणि जास्तीचं करावं लागतं, समतेकडे जायचं म्हणजे हेच. हंगामी वसतिगृह हे तसं जास्तीचं आहे. बऱ्याच ठिकाणी ती वेगळी इमारत नसते, शाळेतच दोन वेळचं जेवण आणि झोपायला आजीकडे. मग तुमची सूचना अशी होईल: शाळा व्यवस्थापन समितीने जाणाऱ्या कुटुंबांची यादी सप्टेंबरमध्येच करून ठराव पाठवावा, कारण मंजुरी डिसेंबरात आली तर पोरं आधीच गेलेली असतात. किंवा: आठवीनंतरच्या मुलींसाठी काय, कारण कायद्याचं वय १४ ला संपतं आणि नेमकं तिथूनच मुली गळतात. संत भगवान बाबा योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं ठरली, तुमच्या तालुक्यातलं चालू आहे का, मुलींचं कुठे आहे, वाडीपासून किती लांब, हे जाऊन बघा आणि लिहा. एवढं एक जरी नीट लिहिलंत तरी पुरे.

जोतिराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात मुद्दा होता की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशातून शिकतात वरचे. कोणाच्या पैशाने कोण शिकतं हा प्रश्न त्यांनी थेट सरकारला घातला होता. आपली परंपरा ही आहे, जनजागृतीची पोपटपंची नाही.

९. टायपिंग, प्लॅगरिझम आणि परत गावात

टायपिंग युनिकोडमध्येच करा. बाहेर टाइप करायला दिलंत आणि त्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात केलं तर नंतर एक शब्द बदलायलाही त्याच्याच दुकानात जावं लागतं आणि प्लॅगरिझमच्या तपासणीत फाइल नुसती चिन्हंचिन्हं दिसते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे गेलं की दुरुस्ती करून परत. एआयकडून प्रकरण लिहून घ्यायचा मोह होईल, पण कोपीवर काय बोलणं झालं ते त्याला माहीत नाही आणि व्हायव्हात "हे वाक्य कोण म्हणालं" असं विचारलं की पंचाईत होते.

प्रकल्प जमा झाला की दोन पानांचा मराठी गोषवारा करा, नावं-गावं काढून, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. लोक दुरुस्त्या सांगतात, कधी वादही घालतात, घालू देत. ही बैठक जुलै-ऑगस्टमध्येच गाठा. तेव्हा पालक गावात असतात आणि वसतिगृहाचा ठराव करायला समितीच्या हातात अजून वेळ असतो.